मेडिकलच्या काउंटरवरची टिपणे

ओवे गावातल्या मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की काही दुखणी नुसत्या आवाजावरून कळायला लागतात. ताप, खोकला, पित्त यांच्या गोळ्या सगळे खणखणीत आवाजात मागतात. बाईचा आवाज एकदम खाली आला, मागच्या पुरुषाला तिने "तुम्ही घ्या आधी" म्हणून पुढे जाऊ दिलं, आणि दुकान रिकामं झाल्यावर ती काचेजवळ सरकली, की समजायचं. मग येतं ते ठरलेलं वाक्य : "ताई, अंगावरून पांढरं जातंय. काहीतरी द्या."

या एका वाक्यामागे निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. प्रत्येकीचं औषध वेगळं. एकीला तर औषधच लागत नाही. बायका विचारतात ते आणि मी सांगते ते, जसं सुचेल तसं या वहीत उतरवून ठेवते.

*

आधी ती बिनऔषधाची गोष्ट. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईला थोडं पांढरं जातंच. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ते पातळ, पारदर्शक, तार धरणारं असतं. पाळी जवळ आली की दाट होतं. दिवस गेले असतील तर बरंच वाढतं. कपड्यावर वाळलं की किंचित पिवळट डाग दिसतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर तो आजार नाही. योनिमार्ग स्वतःला असाच स्वच्छ ठेवतो.

तरी "यातून अंगातली ताकद जाते" हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कंबर दुखते, चक्कर येते, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि दोष पांढऱ्यावर येतो. मी अशा बाईला आधी रक्त तपासायला सांगते. हिमोग्लोबिन बरेचदा खाली निघतं. गोळी लोहाची लागते, आणि ती मागत असते बुरशीची.

*

आता बुरशी. डॉक्टर 'कॅन्डिडा' म्हणतात, शिकलेल्या मुली 'यीस्ट' म्हणतात. हिची मुख्य खूण खाज. साधी नव्हे, रात्री झोप मोडणारी, चारचौघांत बसता न येणारी खाज. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, कधी नखांनी ओरबाडून चिरा पडतात. त्या चिरांवर लघवी लागली की झोंबते, म्हणून बाई सांगते "लघवीला जळजळ होते" आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचं औषध घेऊन जाते. जळजळ आत होते की बाहेरच्या कातडीला लघवी लागल्यावर, एवढं विचारलं तरी बराच उलगडा होतो. संबंधाच्या वेळी दुखतं. जाणारं पांढरं दाट असतं, नासलेल्या दुधाच्या गाठींसारखं. कधी मात्र ते फारसं नसतंच, नुसती खाज असते. घाण वास नसतो, आणि ही खूण मी कधी विचारायची सोडत नाही.

साधारण चार बायकांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हे होतं. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही. ही बुरशी बाहेरून कुणी आणून दिलेली नसते. कित्येक निरोगी बायकांच्या अंगात ती शांतपणे राहत असते. शंभरात दहा-वीस जणींच्या तपासणीत ती सापडते आणि त्यांना काहीही त्रास नसतो, अशांना औषध द्यायचं नसतं. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आंबटपणा राखून असतात. त्यांचा समतोल बिघडला, साखर वाढली, दिवस गेले, प्रतिकारशक्ती खालावली, की बुरशी डोकं वर काढते.

घशासाठी, दातासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि आठवड्याभरात खाज सुरू झाली, हे तर नेहमीचं. औषध घशातले जंतू मारतं तसं खालचे चांगले जंतूही मारतं.

*

वास येत असेल तर बहुधा बुरशी नव्हे. पातळ, राखाडी, मासळीसारखा वास, आणि तो नवऱ्याजवळ गेल्यानंतर जास्त : हा जिवाणूंचा बिघाड. त्याला मेट्रोनिडॅझोल लागतं. बुरशीच्या गोळीने त्याचं काही बिघडत नाही. उलट बुरशी असताना मेट्रोनिडॅझोल घेतलं तर खाज तशीच राहते, कधी वाढतेही.

हिरवट-पिवळं, फेसाळ, आग करणारं असेल तर ट्रायकोमोनास. ते संबंधातून येतं. तिथे नवऱ्यालाही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर ते परत येतं.

रक्तमिश्रित, कुजका वास असलेलं पाणी, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा लाल डाग : यातलं काहीही असलं तर काउंटरवर एक गोळीही मागू नका. सरळ तपासून घ्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अशाच खुणा दाखवतो. खारघरला सेक्टर २२ मध्ये टाटाचं कर्करोग केंद्र आहे, आपल्या गावापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथे जाणं म्हणजे कॅन्सर झालाच, असं समजून बायका त्या रस्त्याला फिरकत नाहीत. तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटं जातात. न तपासता वर्षं जातात.

*

"ताई, मला माझं कळतं, मागच्या वेळी पण हेच होतं." हे वाक्य ऐकलं की मला २००२ सालचा एक अमेरिकी अभ्यास आठवतो. तिथे बुरशीची औषधं चिठ्ठीशिवाय मिळतात. स्वतःच निदान करून ती विकत घेणाऱ्या ९५ बायकांना संशोधकांनी तपासलं. खरोखर फक्त बुरशी निघाली ती साधारण एक-तृतीयांश जणींत. बाकीच्यांत कुणाला जिवाणूंचा बिघाड, कुणाला मिश्र संसर्ग, काहींना तर काहीच नव्हतं. आधी एकदा डॉक्टरांनी बुरशी सांगितलेल्या बायकांचेही अंदाज चुकले होते.

पाकिटावरच्या सूचना वाचून औषध घेणाऱ्या बायकांचेही अंदाज चुकले. तिकडे ही गत. आपल्याकडे पाकीटही बरेचदा नवऱ्याच्या हातून घरी पोचतं.

*

तपासणी म्हणजे नेमकं काय, हे ठाऊक नसल्यानेच निम्मी भीती असते. डॉक्टर बाहेरून पाहतात, मग आत एक साधन घालून भिंती बघतात. कापसाच्या काडीने थोडं पांढरं घेतात. एक थेंब कागदाच्या पट्टीवर लावतात : बुरशीत आंबटपणा सहसा टिकून असतो, म्हणजे पीएच ४.५ च्या आत. जिवाणूंचा बिघाड किंवा ट्रायकोमोनास असेल तर तो वर जातो. दुसरा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण टाकतात. त्यात पेशी विरघळून जातात आणि बुरशीचे धागे व कळ्या सूक्ष्मदर्शकाखाली उघड्या पडतात. वारंवार होत असेल तर कल्चर करतात, बुरशीची जात कळण्यासाठी. सुई नाही, भूल नाही.

*

गडचिरोलीची गोष्ट इथल्या बायकांना मी आवर्जून सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दुखणं घेऊन दवाखान्यात आलेल्या नव्हेत, गावात राहणाऱ्या, कामाला जाणाऱ्या बायकांची. १९८९ च्या जानेवारीत ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. एकेकीला सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी किंवा उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी कागदांत होतं. या एका अभ्यासाने जगभर ती समजूत हलवली. मला त्यातला आणखी एक आकडा जास्त बोलका वाटतो. ४५ टक्के बायकांनी आपल्याला काही तक्रार नाही असं सांगितलं होतं. आजार मात्र जवळजवळ सगळ्यांना निघाले. इतकी वर्षं सोसल्यावर त्याला त्रास म्हणायचंही बाई सोडून देते.

*

दुसरी बाजू गोव्याची. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. जिवाणूंचा बिघाड शंभरात साधारण अठराजणींत, बुरशी आठ-नऊजणींत. संबंधातून येणारे संसर्ग त्या मानाने थोडे. आणि "पांढरं जातं" अशी तक्रार ज्या करत होत्या त्यांच्यात संसर्गापेक्षाही ठळक दुवा सापडला तो मनावरच्या ताणाचा, उदासीचा, घरातल्या हिंसेचा.

म्हणजे ती बाई खोटं बोलते असं नव्हे. तिला सांगायचं असतं वेगळंच, आणि दवाखान्यात सांगण्याजोगं हे एकच वाक्य तिच्याकडे असतं. दुकान रिकामं असेल तर मी "आणखी काय होतंय?" असं विचारून थांबते. कधी कधी पुढे गोळीचा विषयच निघत नाही.

*

परवा गावातल्या एक मावशी परत आल्या. डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोलच्या योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, रोज रात्री एक, सहा रात्री. दोन गोळ्या संपल्या होत्या, फरक शून्य. "कशी ठेवता?" म्हणून विचारलं. "ठेवायची कशाला? पान्यासंगती घेतली. खडूसारखी लागतं गो बाय, गिलवत पन नाय." मग म्हणाल्या, "मना काय म्हाईत. गोली म्हटल्यावर गोली खाल्ली."

चिठ्ठीवर इंग्रजीत दोन अक्षरं होती. तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा ते इथे मराठीत लिहिते. रात्री झोपताना हात धुवायचे. उताणं पडून गुडघे वर घ्यायचे. गोळी पाण्यात किंचित ओली करायची म्हणजे लवकर विरघळते. सोबत प्लॅस्टिकची नळी आली असेल तर तिच्या टोकाला गोळी बसवून, नाहीतर बोटानेच, जाईल तितकी आत सरकवायची, मागच्या, कंबरेच्या दिशेने. दुखेल असं जोर लावून नाही. मग उठायचं नाही. सकाळी थोडं पांढरं पीठ बाहेर येतं, ते औषधच असतं. एक पॅड लावून झोपलं की झालं. खाज तिसऱ्या दिवशी थांबली तरी सहाही रात्री पुऱ्या करायच्या. ५०० मिलिग्रॅमची एकच मोठी गोळीही येते, ती एका रात्रीची. या गोळ्या आणि मलमांनी निरोध कमकुवत होऊ शकतो. तेवढे दिवस निरोधावर विसंबू नये.

गिळायची गोळी वेगळी : फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, साध्या दुखण्याला एकदाच एक. त्रास फार असेल, सूज-चिरा असतील, तर डॉक्टर बहात्तर तासांनी दुसरी देतात. दोन्ही मार्ग सारखेच गुणकारी आहेत. गोळी गिळल्यावर तासाभरात आराम पडावा असं सगळ्यांना वाटतं. दोन-तीन दिवस लागतात.

*

दिवस गेलेल्या बाईने फ्लुकोनॅझोल गिळायचं नाही. तिला ठेवायचीच गोळी, आणि ती सात रात्री, डॉक्टरांना विचारून. पाळी चुकली असेल तर काउंटरवर आधी ते सांगा. मी विचारते तेव्हा राग मानू नका.

*

'मिक्स' मलमाबद्दल मला खरोखर संताप येतो. एका ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि कडक स्टेरॉइड. लावलं की दोन तासांत खाज गायब, म्हणून ट्यूब घरभर फिरते : जांघेतल्या गजकर्णाला तीच, मुलाच्या पुरळाला तीच, आणि बाईच्या नाजूक जागेला तीच. स्टेरॉइड खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. चार-सहा महिन्यांनी त्वचा पातळ, लाल, चकचकीत होते, आणि मलम थांबवलं की आग दुप्पट. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठी न मागता ती आजही विकली जातात. आमच्या काउंटरवरून नाही. गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात जातं, ते जाऊ द्यावं.

भारतात गेल्या काही वर्षांत गजकर्ण हट्टी झालंय, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. त्यामागेही या ट्यूबांचा मोठा हात आहे.

*

जुलै-ऑगस्टमध्ये खारघरच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. चाळीत, इमारतीत, कुठेही बघा, दोरीवर पुढे शर्ट-पॅन्ट-गाऊन, आणि बाईची निकर सगळ्यात मागे, टॉवेलच्या आड, कधी ओल्या परकराच्या खाली. ती कशी वाळणार? सकाळी दमट असतानाच अंगात चढते, वर घट्ट लेगिंग, वर दिवसभराचा घाम. तळोज्याच्या पलीकडच्या गावांत लावणीला जाणाऱ्या बायका तर सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत ओल्यातच.

ओल्या कपड्यांतून बुरशी लागते असं नाही. असलेल्या बुरशीला ऊब आणि ओल सोयीची पडते, सोललेल्या त्वचेला ती आणखी छळते. सुती कपडा, पूर्ण वाळलेला, ऊन नसेल तर इस्त्री फिरवून. घरी आल्यावर ओलं उतरवायचं. आणि ती निकर टॉवेलच्या पुढे वाळत घालायची. सासूला काय वाटेल, शेजारच्या भावोजींना काय दिसेल, या विचाराने घरातली प्रत्येक मुलगी दमट कपडा घालते, हे मला पटत नाही.

*

घरगुती उपाय. तुरटीच्या पाण्याने धुणं, जंतुनाशक द्रव बादलीत टाकून बसणं, सुगंधी वॉशने आत धुणं : तिन्ही बंद. आत धुण्याची गरज नसते, त्याने चांगले जंतू वाहून जातात आणि सोललेली त्वचा भाजते. लसणाची पाकळी आत ठेवल्याने खरोखर जखम होते. तांदळाचं धुवण प्यायलं तर अपाय नाही, बुरशीही जात नाही. दही खा, जरूर खा. आत लावू नका. बाहेरून साधं पाणी, पुरेसं.

*

साखर. हे पान मी मुद्दाम दुमडून ठेवलंय.

चाळिशी-पन्नाशीच्या बाईला खाज वारंवार होत असेल तर आधी तिची साखर बघायला हवी. मधुमेह पहिल्यांदा लक्षात आला तो खाजेच्या निमित्ताने, असं कितीतरी जणींचं झालंय. रक्तात साखर जास्त असली की बुरशीला खाऊ मिळतो, प्रतिकार मंदावतो, आणि गोळी घेऊन बरी झालेली बाई महिन्याभरात परत काउंटरवर.

आता यात एक नवी भर पडलीय. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन हा गट आला. या गोळ्या मूत्रपिंडातून साखर लघवीत सोडतात, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत. औषधं चांगली आहेत, हृदय आणि मूत्रपिंड जपतात. २०२० च्या ऑक्टोबरात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांनी ती स्वस्तात काढली, आणि ती ओवे गावातल्या पिशव्यांतही दिसू लागली. पण गोड लघवी बाहेरच्या त्वचेला लागत राहते. बायकांना बुरशीचा त्रास वाढतो, पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाला खाज-लाली येते.

साखरेचे डॉक्टर वेगळे, बायकांचे डॉक्टर वेगळे. एकाला खाज सांगितलेली नसते, दुसऱ्याला गोळी दाखवलेली नसते. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात त्या फक्त माझ्या काउंटरवर. मी बाईला सांगते : मनाने गोळी बंद करू नको, पण साखरेच्या डॉक्टरांना खाजेचं सांग, लाज सोडून. लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडं कर.

आणखी एक. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी चालू असताना फ्लुकोनॅझोल घेतलं तर साखर फार खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनशीही ते जुळत नाही. एका गोळीने काय होतंय म्हणून डबा न दाखवता नेऊ नका.

*

बुरशीवरचं पहिलं चांगलं औषध दोन बायकांनी शोधलं. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन मातीतले जंतू वाढवायच्या आणि काचेच्या बरण्यांत भरून टपालाने ऑल्बनीला रेचल ब्राउन यांच्याकडे धाडायच्या. ब्राउन त्यातलं रसायन वेगळं करून परत पाठवायच्या. १९५० मध्ये निस्टॅटिन जाहीर झालं. त्यातून आलेले लाखो डॉलर दोघींनी स्वतःसाठी न ठेवता संशोधनाला दिले.

आपल्या पिंपरीचंही नाव या इतिहासात आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' या जंतूपासून हॅमायसिन काढलं, १९६१ च्या सुमारास. तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या बुरशीवर ते वापरलं जायचं. पुढे क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल आली आणि ते मागे पडलं. आज ते कुणाला आठवत नाही, याचं वाईट वाटतं. सरकारी कारखान्यात, सरकारी पगारावर, बायकांच्या खाजेवर औषध शोधणं हे काम तेव्हा मोलाचं समजलं गेलं होतं.

*

सरकारी दवाखान्यात या तक्रारीवर फुकट औषध मिळतं, हे फारच थोड्या जणींना ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे रंगांची पाकिटं ठेवलेली असतात. पांढऱ्याच्या तक्रारीचं पाकीट हिरवं : त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल दोन्ही, म्हणजे प्रयोगशाळा नसली तरी तिन्ही नेहमीच्या कारणांवर इलाज होतो. या पद्धतीत गरजेपेक्षा जास्त औषध पोटात जातं, हे खरं. पण जिला परत येणं जमणार नाही तिला त्याच दिवशी औषध मिळतं, आणि माझ्या मते ते मोठं आहे.

*

आजीची खाज आणि नातीची खाज, दोन्ही बहुधा बुरशी नसतात. पाळी गेल्यावर हॉर्मोन कमी होऊन आतली त्वचा कोरडी, पातळ होते, तिची आग-खाज होते. त्याचं औषध वेगळं. पांढरे चट्टे दिसत असतील तर त्वचेचे डॉक्टर. लहान मुलीला रात्री खाज येत असेल तर आधी बारीक जंत बघा, गुदद्वाराशी पांढऱ्या दोऱ्यासारखे दिसतात. स्राव घाण असेल तर मुलीने काही आत घातलंय का हे, आणि तिला कुणी त्रास देतंय का हेही, शांतपणे बघावं लागतं.

*

"नवऱ्याला पण देऊ का?" बुरशीत सहसा नाही. त्याला खाज-पुरळ असेल तरच. पण बरं होईपर्यंत बाईला दुखत असताना संबंध ठेवू नये, हे सांगणारं कुणीतरी लागतं. काही जणी म्हणतात, "तुम्हीच कागदावर लिहून द्या, ताई." मी लिहून देते.

*

र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. वाचक त्यात शरीराबद्दलचे प्रश्न विचारत आणि ते सरळ उत्तरं देत. १९३४ मध्ये या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला, मासिक मात्र चालू राहिलं. त्यांना जे विचारलं जायचं त्यातलं बरंचसं आजही दबक्या आवाजातच विचारलं जातं.

*

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला 'वारंवार होणारी' म्हणायचं, आणि तिथे काउंटरचं काम संपतं. कल्चर हवं, साखरेची तपासणी हवी, एचआयव्हीची चाचणीही विचारतात, तिला घाबरू नये. बुरशी नेहमीच्या जातीची असेल तर पहिल्या, चौथ्या, सातव्या दिवशी फ्लुकोनॅझोल, मग आठवड्याला एक, सहा महिने. बायका दुसऱ्या महिन्यात सोडतात, कारण बरं वाटत असतं. आठवड्याचा एक वार ठरवा, उपासाचा असेल तर लक्षात राहतो. वेगळ्या जातीची निघाली तर ही गोळी लागू पडत नाही. मग डॉक्टर बोरिक अॅसिडच्या ठेवायच्या कॅप्सूल देतात. ती गिळली तर विष आहे, म्हणून मुलांपासून लांब, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

*

आज एक मुलगी आली होती, कॉलेजची, पाठीवर सॅक, मेट्रोने बेलापूरला जाणारी. मोबाइलवर टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली : "लग्न झालेलं नाही. खूप खाज आहे. स्त्रीरोग डॉक्टरकडे गेले तर बाहेर बसलेल्या काकू काय म्हणतील? आणि ते आतून तपासतील का?"

मीही कागदावरच उत्तर लिहिलं. बुरशी लग्नाची वाट बघत नाही, कुणालाही होते. डॉक्टरांना आधीच सांग की संबंध आलेला नाही. तेव्हा ते साधन घालत नाहीत, बाहेरून बघतात, बाहेरूनच कापसाची काडी लावून नमुना घेतात. ठेवायची गोळी नको असेल तर गिळायची मिळते, बाहेर लावायला साधं क्लोट्रिमॅझोल मलम मिळतं. गेल्या महिन्यात कसलं अँटिबायोटिक घेतलंस का, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांना नक्की सांग. मुरुमांसाठी महिनोन्‌महिने डॉक्सिसायक्लिन खाणाऱ्या मुलींना हे होतं.

तिने शेवटची ओळ वाचली आणि सॅकच्या पुढच्या कप्प्यातून अर्धी संपलेली स्ट्रिप काढून काचेवर ठेवली. डॉक्सिसायक्लिनच होती. "आता ही बंद करू का?" पहिल्यांदा तोंडाने विचारलं. तुझ्या त्वचेच्या डॉक्टरांना आजच फोन कर, म्हटलं, आणि त्यांना खाजेचंही सांग.